आपत्काली स्मरणाचे बळ

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न असून त्यांत परमेश्वर एकच स्वतंत्र आहे, हा ब्रह्मविद्येचा पाया होय. हा भेद सुखाच्या दिवसांत पुष्कळांना मान्य असतो. त्याची खरी परीक्षा आपत्काली होते. घरात मूल तापाने फणफणते, पीक हातचे जाते, कर्ता पुरुष अकस्मात निघून जातो. अशा वेळी ‘एक परमेश्वरच आश्रय’ हे वचन ओठांवर राहते की अंतःकरणात, हे कळून येते. म्हणून संकटात श्रद्धेचे बळ कसे लाभते, याचा विचार उपदेशी वासनिकांनी व अनुसरलेल्या साधकांनी दोघांनीही करणे अगत्याचे आहे.

प्रथम शंका अशी येते की, परमेश्वर परम कृपाळू असता त्याच्या भक्ताला दुःख का व्हावे? याचे समाधान असे की, दुःख हे जीवाने केलेल्या कर्माचे फळ आहे. परमेश्वराने सूड म्हणून दिलेला तो दंड नव्हे. देह आहे तोवर देहाचे भोग आहेत. परमेश्वराची कृपा जीवाला अनादी अविद्येतून सोडवून आपला आनंद देण्याकडे प्रवृत्त असते. तीच कृपा केवळ देहदुःखाच्या निवारणावर मोजणे म्हणजे राजाच्या भांडाराशी जाऊन मूठभर कोंडा मागणे होय. मात्र हा विचार स्वतःच्या दुःखासाठी आहे. दुसऱ्याच्या दारी जाऊन ‘हे तुझे कर्म’ असे ऐकवणे हे ज्ञान नव्हे, निष्ठुरता आहे. शिकाऱ्यांच्या भयाने धावत आलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या आश्रयाला आला, तेव्हा त्याच्या पूर्वकर्माची चर्चा झाली नाही. शरण आलेल्याला अभय मिळाले आणि शिकाऱ्यांचेही मन पालटले. दुःखिताशी वागण्याची रीत या लीळेवरून शिकावी.

दुसरी शंका: श्रद्धावंताने शोक करावा काय? डोळ्यांत पाणी आले तर श्रद्धा उणी ठरते काय? याचे उत्तर पंथाच्या इतिहासातच आहे. शके ११९६, म्हणजे इ. स. १२७४ मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भक्तजनांवर याहून मोठी आपत्ती कोणती यावी? ज्यांच्या सन्निधानात दिवस उगवत व मावळत होते, ते सन्निधान एकाएकी अंतरले. श्रीनागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, वियोगदुःखाने व्याकूळ झाले. पंथाचे पुढे आचार्य झालेल्या पुरुषाचा हा शोक कोणी लपविला नाही. पूर्वजांनी तो आदराने सांगितला. परमेश्वराच्या वियोगाने होणारे दुःख ही साधनेचीच वाट आहे. तेव्हा शोक होणे हा दोष नाही. शोकात आश्रय बदलणे हा दोष आहे.

भटोबासांनी आश्रय बदलला नाही. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ते व इतर भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथे वाजेश्वरीच्या स्थानी एकांती बसून भटोबास स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. म्हाइंभटांनी त्याविषयी विचारले, आणि त्या स्मरणाचे महत्त्व जाणून लीळा लिहून ठेवण्याचा संकल्प केला. भटोबासांनी आपल्याला ठाऊक होत्या त्या लीळा सांगितल्या. जेथे ते स्वतः नव्हते, तेथील लीळा ज्याने पाहिली त्याच्याकडे म्हाइंभट गेले. गावोगाव फिरून, विचारून, पडताळून लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ म्हणजे वियोगदुःखाला लागलेले फळ आहे. स्मरण म्हणजे दुःखापासून पळणे नव्हे, याला याहून निराळे प्रमाण नको. स्मरणाने भटोबासांना स्थैर्य आले, म्हाइंभटांना कार्य मिळाले, आणि ज्यांनी स्वामींना पाहिले नाही अशा पुढील पिढ्यांना आधार मिळाला.

पुढेही आपत्ती थांबल्या नाहीत. श्रीगोविंदप्रभूंचेही सन्निधान अंतरले. शके १२२४ मध्ये नागदेवाचार्यही गेले. नंतर परचक्राच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथीच नष्ट झाली, असे परंपरा सांगते. परंतु पोथी गेली तरी पाठ गेला नव्हता. ज्यांनी लीळा नित्य स्मरून मुखोद्गत केल्या होत्या, त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यांत हिराइसेच्या पाठाचे नाव पंथ कृतज्ञतेने घेतो. आपत्तीत जे हरवते ते बाहेरचे. जे नित्य अभ्यासाने आत साठवले असते, ते उपयोगी येते. तहान लागल्यावर विहीर खणण्याने जसे कार्य होत नाही, तद्वत् संकट आल्यावर स्मरणाला प्रारंभ करणाऱ्याचे मन सहसा स्थिरावत नाही. म्हणून निरोगी व निश्चिंत दिवसांतील नित्यविधी हीच आपत्कालाची पूर्वतयारी होय.

तिसरा प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि वासनिकांच्या घरी तोच अधिक अवघड जातो. आजार हटेना झाला की शेजारीपाजारी, आप्तेष्ट सांगू लागतात: अमक्या देवीला नवस बोला, तमक्याचा अंगारा आणा. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांच्यावर क्रोध करू नये. परंतु देवतांची फळे मर्यादित व क्षयी आहेत, आणि अनन्यता मोडली तर जीवाची हानी देहाच्या हानीहून मोठी होते, हे विसरू नये. औषधोपचार मात्र अवश्य करावा. वैद्याकडे जाणे म्हणजे देवताभक्ती नव्हे. प्रपंचातील व्याधीला प्रपंचातीलच उपाय आहे. औषध न देता केवळ नामावर रुग्णाला टाकणे ही श्रद्धा नसून प्रमाद आहे. उपचार चालू ठेवावेत आणि मनाचा आश्रय एका परमेश्वराच्या ठायी ठेवावा. या दोहोंत विरोध नाही.

स्मरण कसे करावे? नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा या चारही अंगांनी करावे. मन फार विस्कटले असेल तर नामच घ्यावे. थोडे स्थिरावल्यावर एक लीळा आठवावी: स्थान कोणते, सन्निध कोण होते, स्वामी काय करीत होते. मन एका जागी बसले की भयाची धार बोथट होते. ज्याला तेही जमत नाही, त्याच्या उशाशी बसून दुसऱ्याने लीळा सांगावी. संस्कृताचा आग्रह सोडून केशिराजांनी मराठीत लिहावे, नाही तर म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, ही नागदेवाचार्यांची चिंता होती. ती चिंता अशा उशाशी सार्थ होते. साधकाने आजारी साधकाची शुश्रूषा करावी, वासनिकाने शोकाकुल घरी जाऊन स्वयंपाकपाण्याचा भार उचलावा, आणि बोलण्यापेक्षा अधिक ऐकावे.

याचा निष्कर्ष इतकाच की, श्रद्धा संकट टळेल अशी हमी देत नाही. संकटात आपण कोणाचे आहोत हे विसरू देत नाही. आज ज्याच्या घरी दुःख नाही, त्याने आजच एक लीळा पाठ करावी. ती उद्या त्याच्या स्वतःच्या उपयोगी पडेल, किंवा शेजारच्या घरी जाऊन सांगता येईल.