हृदयाचा पहारेकरी

आपले हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा, म्हणजे दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मात्र फार मंदावतात. अशा हृदयास विजेचे सूक्ष्म धक्के देऊन ताल धरावयास लावणाऱ्या यंत्रास पेसमेकर म्हणतात. ता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडन देशात सेनिंग या शस्त्रवैद्याने आर्ने लार्सन नावाच्या रुग्णाच्या शरीरात असे यंत्र प्रथम बसविले. ते एल्मक्विस्ट या अभियंत्याने घडविले होते. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. तथापि प्रयत्न थांबले नाहीत. वीसहून अधिक यंत्रे बदलीत लार्सन पुढे ४३ वर्षे जगला!

आजची यंत्रे अधिक चतुर आहेत. त्यांपैकी अनेक यंत्रे रेडिओलहरींनी हृदयाची वार्ता रुग्णाच्या घरातील एका उपकरणास कळवितात, आणि ते उपकरण ती इंटरनेटद्वारा रुग्णालयात पोहोचविते. यंत्राची गती बदलावयाची झाल्यास वैद्यास शरीर चिरावे लागत नाही.

पण मुलांनो, ज्या दाराने वैद्य आत येतो, त्याच दाराने चोर शिरणार नाही कशावरून? २००८ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी ही शंका प्रयोगशाळेत पडताळून पाहिली. शरीरात बसवावयाचे, हृदयास धक्का देणारे एक यंत्र त्यांनी समोर ठेवले. रेडिओलहरींच्या साहाय्याने त्यांना त्यातील रुग्णाची माहिती वाचता आली. इतकेच नव्हे, तर यंत्रास दिलेल्या आज्ञाही बदलता आल्या. प्रयोग कोणा मनुष्यावर केलेला नव्हता. परंतु दार उघडे आहे हे त्याने सिद्ध झाले.

मग दारास भक्कम कुलूप घालावे, असे तुम्ही म्हणाल. परंतु समजा, एखादा रुग्ण परगावी बेशुद्ध पडला आणि तेथील वैद्याजवळ त्या कुलपाची किल्ली नसली, तर ते कुलूपच त्याच्या जिवावर बेतेल! चोरास अडवील, पण संकटकाळी वैद्यास वाट देईल, असे कुलूप घडविणे हेच खरे कौशल्य होय.

२०१७ साली काही पेसमेकरांत असाच दोष आढळला. अमेरिकेत अशी सुमारे ४,६५,००० यंत्रे होती. सरकारी औषध-खात्याने तो दोष न लपविता जाहीर केला. त्यामुळे कोणास इजा झाल्याचे तोवर ऐकिवात नव्हते. यंत्र काढण्याची गरज नव्हती. वैद्याकडे गेल्यास सुमारे तीन मिनिटांत यंत्रातील आज्ञावली सुधारता येत असे.

यंत्रास भिऊन ते टाकून देणे हे शहाणपण नव्हे, आणि त्यावर डोळे मिटून विसंबणे हेही नव्हे. वेळीच दोष दाखविणारा हा यंत्राचा वैरी नसून रुग्णाचा मित्रच होय. हृदयाचा पहारा यंत्र करते. त्या यंत्राचा पहारा मात्र जागरूक माणसांनीच करावयाचा असतो.

अभ्यास
१. २००८ सालच्या प्रयोगाने काय सिद्ध झाले?
२. यंत्रास केवळ भक्कम कुलूप घालून का भागत नाही?
३. ‘दोष दाखविणारा मित्र’ या विषयावर आठ-दहा ओळी लिहा.