कोयत्याची निगा

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारे घासूनपुसून पुजतात. ऊसतोडीच्या कोयत्याला मात्र वर्षातून एकदा पुसून भागत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आईवडील ऊसतोड करतात, म्हणून या विषयावर लिहिण्याचे धाडस करते.

दिवाळीच्या सुमारास सातारा-सांगली भागात गळीत हंगाम सुरू होतो. रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली येथील कारखान्यांसाठी बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर अधिक असते आणि खोडवाही चांगला फुटतो. बोथट पात्याने बुडखा पिचतो व हाताला दुप्पट जोर पडतो. मजुरी टनावर, तेव्हा धार गेली की मजुरीही गेली.

निगा अशी ठेवतात. संध्याकाळी पाते ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. उसाचा चिकट, आंबूस रस पात्यावर राहिला तर तो ओल धरून ठेवतो. गंजाला पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात. तेलाचा हात फिरवला की दोन्ही अडतात. धार दगडावर पाणी शिंपडत, एकाच कलाने लावावी. फिरत्या चाकावर पाते तापून निळे पडले, तर लोहाराने दिलेले 'पाणी' उतरते आणि धार टिकत नाही. मूठ हलू लागली तर पाचर ठोकावी, नाहीतर पाते निसटून पायावर येते.

आता दुसरा कोयता. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्याला 'अर्धा'. उचल दिली जाते ती कोयत्यावर. अवजाराचे नाव माणसाला लागले, पण अवजाराची निगा त्याच्या वाट्याला आली नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 साली शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. एक दिवस खाडा झाला तरी दंड, मग दुखणे अंगावर काढायचे, ही त्यामागची एक गोष्ट.

पात्याला रोज संध्याकाळी तेल मिळते. ज्या बाईच्या हातात ते असते, तिला फडाजवळ पिण्याचे पाणी, आडोसा आणि दवाखाना मिळावा. आपण अर्थशास्त्राच्या तासाला साखरेचा उतारा शिकतो. त्या धड्यात ही निगाही यावी, अशी माझी गुरुजनांना विनंती आहे.