यंत्र अभियंत्याचे शिक्षण : वर्गात आणि कारखान्यात

वर्गातील अध्ययन आणि कारखान्यातील काम आलटून पालटून देण्याचा प्रयोग हर्मन श्नायडर यांनी अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केला. इंग्लंडमध्ये अशा अभ्यासक्रमास ‘सँडविच’ हे काहीसे खाऊचे वाटावे असे नाव मिळाले व ते आपल्याकडेही रूढ झाले. पिलानीच्या बिर्ला तंत्रविज्ञान संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू करून हाच विचार स्वीकारला.

कारखान्यात जाऊन असे काय मिळते, की जे पुस्तकात नाही? एक साधे उदाहरण घेऊ. २५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा बुशमध्ये सैलसर फिरावयाचा आहे. प्रमाणित कोष्टकानुसार त्याचा व्यास २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटर असावा लागतो. म्हणजे कारागिराला मुभा अवघी ०.०१३ मिलिमीटरची. विद्यार्थी हे आकडे आराखड्यावर सहज लिहितो. परंतु यंत्रावरून नुकताच उतरलेला दांडा ६० अंश सेल्सिअस इतका तापलेला असेल, तर २० अंशांच्या प्रमाण तापमानास येईपर्यंत त्याचा व्यास सुमारे ०.०१२ मिलिमीटरने घटतो. जवळजवळ सगळी मुभा त्यातच संपते! गरम असताना मायक्रोमीटरने उत्तीर्ण ठरविलेला नग थंड झाल्यावर बाद होऊ शकतो. उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे त्या विद्यार्थ्याने शाळेतच पाठ केलेले असते; त्याची किंमत मात्र त्याला भंगाराच्या पेटीपाशी कळते. यापुढे आराखड्यावर विनाकारण काटेकोर माप लिहिताना त्याचा हात थबकेल, कारण अशा मापासाठी ग्राइंडिंगचा जादा खर्च येतो हेही त्याने पाहिलेले असते.

शिक्षणक्रमात अशी सोय नसलेल्यांना पदवीनंतरचा मार्ग मोकळा आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ याच्या कक्षेत अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक १९७३ च्या दुरुस्तीने आले. त्यांचे प्रशिक्षण साधारणतः एक वर्षाचे असते आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र शासन उचलते. पश्चिम विभागाचे प्रशिक्षण मंडळ मुंबईस आहे.

तथापि उमेदवारी म्हणजे स्वस्त मनुष्यबळ, असा समज काही आस्थापनांतून आढळतो. सहा महिने हजेरीपट भरणाऱ्या अगर एकाच यंत्रावर बटन दाबीत बसणाऱ्या मुलाला प्रमाणपत्र मिळते, शिक्षण मिळत नाही. यात महाविद्यालयांचाही दोष आहे. विद्यार्थी पाठविल्यावर अध्यापकाने तेथे एकदाही फिरकू नये, हे योग्य नव्हे. शिरोलीची फाउंड्री असो वा चिंचवडचा मोठा कारखाना, ओतकाम, यंत्रण, तपासणी व देखभाल या विभागांचा क्रम आरंभीच लेखी ठरवून घ्यावा. रोजच्या नोंदवहीत केवळ ‘लेथवर काम केले’ असे न लिहिता कोणता नग, कोणते माप, किती बाद झाले व कशामुळे, हे विद्यार्थ्याने लिहावे आणि पर्यवेक्षकाने ते वाचूनच स्वाक्षरी करावी.