सशांच्या पिल्लांचें खाद्य व त्यांतील पिष्ट

पिल्लें लवकर वजनदार व्हावींत म्हणून दूध तोडतांच त्यांस मका, ज्वारी किंवा गव्हाचा भरडा सढळ हातानें घालण्याची कित्येक सशेपालकांची रीत आहे. प्रस्तुत लेखकानें नोकरींतून निवृत्त झाल्यावर हेंच केलें, आणि पहिल्या वेताच्या आठ पिल्लांपैकीं पांच हगवणीनें गमाविलीं. चूक कोठें झाली हें मागाहून समजलें, तें वाचकांपुढें मांडतों.

धान्यांतील पिष्ट सशाच्या लहान आतड्यांत स्वादुपिंडाच्या रसानें पचतें. मोठ्या सशाच्या लेंड्यांत त्याचा अगदीं थोडा अंश उरतो. परंतु ४-५ आठवड्यांच्या पिल्लांत हा रस अपुरा असतो व पुढें वयाबरोबर वाढत जातो. त्यामुळें न पचलेलें पिष्ट पुढें अंधांत्रांत उतरतें. तेथील उपयुक्त जंतूंच्या आंबवणावर सशाचें आरोग्य अवलंबून असतें. तो समतोल अशानें बिघडूं शकतो. मक्याचें पिष्ट सातूच्या मानानें सावकाश पचतें, म्हणून मक्याविषयीं विशेष सावध असावें.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पिष्ट वाढविलें कीं तंतु घटतात. अशा खाद्याचा पचलेला भाग अधिक भरतो खरा, आणि येथेंच आपण फसतों. तंतूंचा बराच भाग पचत नसला तरी आतड्यांतील अन्न तेच पुढें सरकवितात. फ्रान्समधील तूलूझ येथील संशोधकांच्या प्रयोगांत तंतु कमी केले असतां पिल्लांचे पोटाचे विकार व मृत्यु वाढल्याचें दिसून आलें आहे.

आतां हिशेब पाहूं. दूध तोडल्यावर खाद्यांत पिष्ट शेंकडा १४ च्या सुमारास असणें इष्ट. मक्यांत तें शेंकडा ६० हून अधिक असतें. म्हणजे निव्वळ भरडा दिल्यास चौपटीहून जास्त होतें! यास्तव वाळल्या वजनाच्या पांच भागांत धान्य एकच भाग घ्यावें. बाकी वाळलेला लसूणघास व चांगलें गवत द्यावें. गवत पिल्लांपुढें सदैव असावें. खाद्य बदलणें झाल्यास तें आठवडाभरांत हळूहळू बदलावें. आठ आठवड्यांनंतर धान्य थोडें वाढविण्यास हरकत नाहीं.

पुढल्या वेतास लेखकानें हाच क्रम ठेविला. वजन कांहींसें उशिरां भरलें, पण सातांपैकीं सहा पिल्लें हातीं लागलीं. मेलेल्या पिल्लाचें वजन कोणत्याच वहींत जमेस धरतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.