प्रेषक, संकेत आणि ग्राहक : ‘लीळाचरित्रा’च्या संक्रमणाच्या निमित्ताने

पदव्युत्तर वर्गात भाषाविज्ञान किंवा शैलीविचार शिकविताना फळ्यावर एक आकृती हमखास काढली जाते : डावीकडे प्रेषक, उजवीकडे ग्राहक, मध्ये संदेश आणि त्यांना जोडणारा बाण. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ही आकृती बहुधा निर्दोष उतरते. मात्र ती मराठी ग्रंथपरंपरेतील एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणाला लावून पाहिली जात नाही. प्रस्तुत लेखात तसा एक प्रयत्न केला आहे. त्यासाठी निवडलेला ग्रंथ म्हणजे म्हाइंभट-संकलित ‘लीळाचरित्र’.

आकृतीचे मूळ प्रथम पाहिले पाहिजे. क्लॉड शॅनन यांचा संप्रेषणाच्या गणिती सिद्धान्तावरील निबंध 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढचा प्रश्न तारायंत्र-दूरध्वनीचा होता. एका टोकाला निवडलेला संदेश दुसऱ्या टोकाला शक्य तितका तंतोतंत कसा उभा करावा, एवढाच तो प्रश्न होता. संदेशाच्या अर्थाशी अभियांत्रिकी प्रश्नाला कर्तव्य नाही, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले आहे. त्यांच्या आकृतीत माहितीचा स्रोत, प्रेषणयंत्र, वाहिनी, ग्रहणयंत्र आणि गंतव्य असे पाच घटक असून वाहिनीवर बाहेरून येणारा व्यत्यय वेगळा दाखविला आहे. पुढे रोमान याकोबसन यांनी 1958 च्या व्याख्यानात (प्रकाशन 1960) संदर्भ, संपर्क आणि संकेतव्यवस्था यांना प्रेषक-संदेश-ग्राहक यांच्या जोडीला बसवून साहित्यविचाराला उपयोगी अशी सहा घटकांची मांडणी केली. या प्रवासात एक गोष्ट मात्र गळाली. शॅनन यांनी संदेश उतरवून घेणारे ‘ग्रहणयंत्र’ आणि ज्याच्यासाठी तो निघाला ते ‘गंतव्य’ यांत भेद केला होता. आपल्या क्रमिक पुस्तकांत दोहोंचा मिळून एकच ‘ग्राहक’ झाला. ग्रंथसंक्रमणाच्या अभ्यासात हा भेद फार मोलाचा आहे. प्रत उतरविणारा लेखक हा ग्रहणयंत्राच्या जागी असतो, आणि ज्यांच्यासाठी ग्रंथ निर्माण झाला ते श्रोते-वाचक हे गंतव्य होत.

गंतव्याचा विचार महानुभाव पंथाने किती जाणीवपूर्वक केला होता, याचा पुरावा ‘स्मृतिस्थळा’त आहे. नागदेवाचार्यांनी केशवराज सूरींना संस्कृतात रचना करण्यापासून परावृत्त केले, आणि तसे केल्याने आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील असे कारण दिले, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. आपण तो बहुधा मराठीच्या अभिमानाचा दाखला म्हणून सांगतो. तो तसा आहेही. परंतु संप्रेषणाच्या दृष्टीने त्यातील नेमकेपणा अधिक लक्षणीय वाटतो. येथे संकेतव्यवस्थेची निवड प्रेषकाच्या विद्वत्तेवरून होत नाही, संदेशाच्या प्रतिष्ठेवरूनही होत नाही. ती विशिष्ट, डोळ्यांसमोर असलेल्या ग्राहकवर्गावरून होते.

या पंथाच्या ग्रंथांचे पुढे काय झाले ते पाहावे. चौदाव्या शतकात सकळ लिपी सिद्ध झाली. ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबासांनी ती योजिली, असे परंपरा सांगते. नंतर सुंदरी आदी आणखी सांकेतिक लिप्या आल्या. अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हे योजून ग्रंथ लिहिले जाऊ लागले आणि पंथाबाहेरच्या वाचकाला ते बंद झाले. भाषा म्हाताऱ्यांसाठी खुली ठेवलेली, तर लिपी परक्यांसाठी मिटलेली! यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. दोन्ही निर्णयांत ग्राहक निश्चित करण्याचाच हेतू आहे. शिवाय भाषा ही ऐकण्याची आणि लिपी ही वाचण्याची गोष्ट होय. पोथी वाचून दाखविणारा लिपीचा जाणकार असला की ऐकणाऱ्या म्हातारीला लिपीची अडचण पडत नाही. म्हणजे एकाच संदेशावर दोन संकेतव्यवस्था एकावर एक चढविलेल्या आहेत. याकोबसन यांच्या आकृतीत संकेतव्यवस्थेसाठी एकच जागा आहे. ती येथे अपुरी पडते.

याहून महत्त्वाचा प्रश्न व्यत्ययाचा आहे. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे देवगिरीवरील स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली व अनेकांनी ती आपापल्या स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा मानते. स्मरण भिन्न, म्हणून पाठही भिन्न. रूढ पाठचिकित्सा अशा भेदांना दोष मानते आणि त्यांच्यामागचा एक शुद्ध पाठ शोधू पाहते. महानुभावांनी मात्र या भेदांना ‘वासना’ अशी संज्ञा दिली आणि हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास अशा स्मरणकर्त्यांच्या नावांनिशी त्या नोंदविल्या. लीळा अशी आहे; परंतु अमुकाच्या स्मरणात ती अशी आहे, हेही वाचकापुढे ठेवले. ग्राहक पुन्हा प्रेषक झाला आणि त्याने आपली ओळख लपविली नाही. याला व्यत्यय म्हणणे कठीण आहे. उलट शॅनन यांच्या परिभाषेत पाहिल्यास ही अधिकता होय. व्यत्यय असलेल्या वाहिनीतून संदेश सुखरूप न्यायचा तर त्यात गरजेपेक्षा अधिक चिन्हे घालावी लागतात. एकच लीळा चार स्मरणांत जपली गेली, तर एकीतील चूक दुसरीवरून ताडता येते.

ओवीबद्ध ग्रंथाला ही अधिकता छंदातूनच मिळते. ‘ज्ञानेश्वरी’च्या ओवीत पहिल्या तीन चरणांचे यमक जुळते आणि चौथा आखूड असतो, प्रतकाराच्या हातून यमकाचा शब्द बदलला तर कानाला खटकते. चरणाच्या मध्यावरचा जुना शब्द जाऊन तेथे नवा आला, तर मात्र छंद काही बोलत नाही. शके 1506 मध्ये (1584) एकनाथांनी ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे असेच अनेक बदल असणार. त्यांनी स्वीकारलेला मार्ग महानुभावांच्या उलट होता. अनेक पाठांतून एक निवडला, आणि ग्रंथात स्वतःची ओवी घालणाऱ्याला उपसंहारात कडक बजावले. तो मार्ग ग्रंथाला स्थैर्य देणारा ठरला, यात शंका नाही. परंतु जे पाठ त्यांनी बाजूला सारले, ते का व कोणाचे होते, हे कळण्याचा मार्ग त्या निवडीनेच बंद झाला. राजवाड्यांनी 1909 मध्ये एकनाथपूर्व म्हणून वेगळी प्रत छापली, त्यामागे हीच ओढ होती.

गद्य ‘लीळाचरित्रा’ला छंदाचे असे कुंपण नव्हते. त्यामुळे वासनांची नोंद ही तेथे केवळ पंथनिष्ठेची नव्हे, तर गद्याच्या गरजेचीही गोष्ट असावी. हा तर्क आहे. तो तपासण्यासाठी एखादी लीळा तिच्या सर्व वासनांसह घेऊन, कोणते घटक सर्वत्र टिकले आणि कोणते हलले, हे मोजावे लागेल. प्राथमिक वाचनात तरी स्थळनाम आणि चक्रधरांच्या तोंडचे वचन हे घटक चिवट वाटतात. प्रसंगाची चौकट अधिक सैल दिसते. पंथात सूत्रवचनांना असलेले स्थान लक्षात घेता हे अनपेक्षित नाही.

सकळ लिपीचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. राजवाडे, भावे, नेने, य. खु. देशपांडे, कोलते प्रभृतींच्या श्रमांनी हे ग्रंथ मुद्रणात आले आणि विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दाखल झाले. हा ग्राहक मूळ प्रेषकांच्या कल्पनेतही नव्हता. किंबहुना लिपी योजताना ज्यांना दूर ठेवायचे होते त्यांतच त्याची गणना झाली असती. एम.ए.च्या वर्गात ‘लीळाचरित्र’ उघडताना आपण कोणाच्या जागी बसून ते वाचतो, त्या म्हाताऱ्यांच्या की सकळ लिपीने बाहेर ठेवलेल्यांच्या, हा प्रश्न विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला विचारावा, असे सुचवावेसे वाटते.