🚜 ट्रॉली-कारची धडक : चूक कोणाची, पैसे कोण भरणार?



ऊस-कापसाच्या दिवसांत परभणी-गंगाखेड रोडवर आपल्या ट्रॉल्या रात्रीही चालतात. कारशी धडक झाली की "चूक तुझीच" म्हणून भांडण सुरू होतं. पण चूक आवाजावर ठरत नाही, पुराव्यावर ठरते.

*जागेवर काय करायचं?*
1) आधी जखमींना दवाखान्यात न्या. रुग्णवाहिका 108, पोलीस 112.
2) गाड्या हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा : दोन्ही नंबर प्लेट, टायरच्या खुणा, फुटलेल्या काचा, ट्रॉलीचे रिफ्लेक्टर.
3) पंचनाम्यात गाड्यांची जागा बरोबर लिहिली आहे का, ते बघून घ्या. न वाचता कशावरही सही करू नका.
4) विमा कंपनीला लगेच कळवा. तिला न विचारता चूक कबूल करून आपसात पैसे ठरवू नका.

*चूक दोघांची निघाली तर?*
जेवढी आपली चूक, तेवढी आपली भरपाई कापली जाते. नुकसान 1 लाखाचं आणि आपली चूक 30 टक्के ठरली, तर मिळतात 70 हजार. अंधारात लाईट-रिफ्लेक्टरविना ट्रॉली रोडवर उभी केली, तर चुकीचा वाटा आपल्याकडे येतोच.

*विमा कशाला पुरतो?*
थर्ड पार्टी विमा समोरच्याच्या नुकसानीसाठी असतो. आपल्या ट्रॅक्टरचं नुकसान पाहिजे असेल तर फुल इन्शुरन्स लागतो.

*मालकाच्या अंगावर कधी येतं?*
2007 मध्ये सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला. वीटभट्टीच्या मातीच्या कामावर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातात मजूर जखमी झाला होता. विमा होता ट्रॅक्टरचा. ट्रॉलीचा नव्हता, आणि काम शेतीचं नव्हतं. कोर्ट म्हणालं, विमा कंपनीची जबाबदारी नाही. मजूर गरीब, म्हणून कंपनीनं त्याला पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे हप्ता भरूनही बोजा मालकावरच!

*आजच पॉलिसी काढून बघा :*
✅ मुदत संपली तर नाही ना?
✅ ट्रॉलीची नोंद आहे का?
✅ चालवणाऱ्याचं लायसन्स चालू आहे का?
❌ ट्रॉलीत, मडगार्डवर माणसं बसवू नका.

जखमी किंवा मृत्यूच्या भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. कायद्यात मुदत 6 महिन्यांची आहे, म्हणून वकिलाला लवकर भेटा.

ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांना हा मेसेज नक्की वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, पोखर्णी