बिनकात्रीची हिंसा

प्रश्न (रिसोड, जि. वाशीम) : खुनाचे खरेखुरे व्हिडिओ दाखवणाऱ्या साइट बंद का होत नाहीत?

उत्तर : एक गेली की दुसरी उगवते. कॅनडातल्या ‘बेस्ट गोर’ने २०१२मध्ये खुनाचा व्हिडिओ टाकला, चालकाला शिक्षा व्हायला २०१६ उजाडलं. आपल्याकडे आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार साइट रोखू शकतं, पण व्हीपीएन वापरणाऱ्या पोराला कोण अडवणार?

आता तर साइटही लागत नाही. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येचे फोटो ३ मार्च २०२५ला या फोनवरून त्या फोनवर फिरले. ज्यांचा निकटवर्तीय या खुनात आरोपी होता, त्या मंत्री धनंजय मुंडेंचा राजीनामा दुसऱ्याच दिवशी आला. दाखवलं म्हणून यंत्रणा हलली, असं म्हणणारे पुष्कळ. पण ते फोटो दोषारोपपत्रातले, म्हणजे यंत्रणेकडे आधीपासूनच होते!

तूर्तास व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधलं ऑटो-डाउनलोड बंद करावं.